रिलेसाठी कोड लिहायला बसताय? वायरलेस रिले आणि चुका सुधारणारे कोड, पायरी-पायरीने

रिले म्हणजे पाठवणारा (सोर्स) आणि घेणारा (डेस्टिनेशन) यांच्या मध्ये बसून मदत करणारा रेडिओ. त्याचं पहिलं सिम्युलेशन चाललं तेव्हा किती ऊर्जेला किती चुका हे दाखवणारा आलेख पाहून मी हरखून गेले होते. माझा वक्र छापील वक्राच्या जवळजवळ पावणेदोन डेसिबल डावीकडे होता, म्हणजे तेवढ्याच चुकांना कमी ऊर्जा पुरत होती. दोन आठवडे मी या चमत्काराचं श्रेय माझ्या इंटरलीव्हरला (बिटांचा क्रम पिसणाऱ्या भागाला) देत राहिले. खरं कारण भलतंच निघालं. रिलेने खर्च केलेली ऊर्जा मी हिशेबात धरलीच नव्हती. सोर्स दोन हिस्से बिट पाठवत होता, रिले एक हिस्सा. तो तिसरा हिस्सा फुकट धरला की तीनास दोन या गुणोत्तराचे नेमके १.७६ डेसिबल आयते पदरात पडतात. ही चूक सुधारली आणि तिच्यामागे दुसरी सापडली, त्याहून मोठी. ती पाचव्या पायरीत सांगते.

चॅनल कोडिंगचा एखादा अभ्यासक्रम झालाय, व्हिटर्बी म्हणजे काय ते माहीत आहे, आणि आता कुणीतरी ‘मध्ये रिले टाकून बघ’ म्हणून सांगितलंय, अशांसाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक भ्रम काढून टाका. रिले म्हणजे ऐकलेलं मोठ्याने पुन्हा बोलणारा माणूस नव्हे. डेस्टिनेशनकडे जे अर्धवट पोचलंय त्याला पूरक असं काही त्याने पाठवलं, तरच कोडिंगला अर्थ आहे.

हाताशी काय हवं

- संभाव्यतेची पक्की ओळख. बेजचा नियम आणि गॉसियन वितरण झोपेतही आठवायला हवं.
- दोनाच्या मॉड्युलोतली बेरीज आणि मॅट्रिक्स, म्हणजे जनरेटर आणि पॅरिटी-चेक मॅट्रिक्स हाताने लिहिता येतील इतपत.
- एक सॉफ्ट डिकोडर (बिट ० की १ यासोबत खात्री किती तेही सांगणारा), जो तुम्ही स्वतः एकदा तरी लिहिलाय. १९७४ चा बीसीजेआर अल्गोरिदम उत्तम. तयार लायब्ररी नंतर वापरा.
- पायथन आणि नमपाय, किंवा मॅटलॅब, किंवा ऑक्टेव्ह. वेग कमी पडला की सी प्लस प्लसमधली एएफएफ३सीटी किंवा पायथनमधली सिओना ही लायब्ररी बघा.
- कागदी वही. प्रत्येक रनचा सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ-अंक), फ्रेमची (एकत्र पाठवलेल्या बिटांच्या गठ्ठ्याची) लांबी आणि ऊर्जेची व्याख्या तिच्यात लिहायची. हे हसण्यावारी नेऊ नका.

१. कागदावर त्रिकोण काढा

तीन ठिपके काढा: सोर्स, रिले, डेस्टिनेशन. त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे तीन वेगळे चॅनल. प्रत्येक बाजूवर सरासरी सिग्नल-टू-नॉइज रेशो लिहा आणि तो लिहून होईपर्यंत संगणकाला हात लावू नका.

आकडे येतात पाथ लॉसवरून, म्हणजे अंतराबरोबर सिग्नल किती क्षीण होतो त्यावरून. घातांक ४ धरला आणि रिले बरोबर मधोमध ठेवला, तर अंतर निम्मं होतं आणि मिळणारी शक्ती १६ पट होते. म्हणजे थेट दुव्यापेक्षा दोन्ही टप्प्यांवर १२ डेसिबलचा फायदा. तोच रिले सोर्सपासून पाव अंतरावर सरकवला तर सोर्स-रिले बाजूला २४ डेसिबल मिळतात, पण रिले-डेस्टिनेशन बाजूला फक्त ५. मोकळ्या जागेसारखा घातांक २ घेतला तर मधोमधचा फायदा ६ डेसिबलवर येतो. कोणता कोड, कोणती पद्धत, या पुढच्या सगळ्या प्रश्नांची निम्मी उत्तरं या तीन आकड्यांतच असतात.

आता वेळेचा हिशेब. साधा रेडिओ एकाच बँडवर एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही, कारण स्वतःच्याच सिग्नलपुढे दुरून आलेला क्षीण सिग्नल दबून जातो. म्हणून पहिल्या स्लॉटमध्ये (वेळेच्या तुकड्यात) सोर्स बोलतो आणि बाकीचे दोघे ऐकतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये रिले बोलतो. स्लॉट सारखे असतील आणि रिले तेच पुन्हा म्हणत असेल, तर वेग सरळ निम्मा होतो. टोकापासून टोकापर्यंत दर वापरामागे १ बिट हवा असेल तर प्रत्येक स्लॉटमध्ये २ बिट कोंबावे लागतात.

सापळा: एका स्लॉटचा थेट दुवा आणि दोन स्लॉटचा रिले यांची तुलना. थेट दुव्यालाही दोन्ही स्लॉट आणि सगळी ऊर्जा द्या, मग बघा रिले जिंकतो का. बऱ्याचदा चांगल्या चॅनलवर तो हरतो, आणि ते बरोबरच आहे.

२. फेडिंग डोळ्यांनी बघा

फक्त गॉसियन नॉइज असेल तर कोडशिवायच्या बीपीएसकेला (दर बिटाला अधिक १ किंवा उणे १ पाठवणाऱ्या साध्या पद्धतीला) हजारात एक बिट चूक गाठायला सुमारे ६.८ डेसिबल लागतात. रॅले फेडिंगमध्ये, म्हणजे चॅनलची ताकद यादृच्छिकपणे वरखाली होते तेव्हा, त्याच दर्जासाठी साधारण २४ डेसिबल मोजावे लागतात. नॉइज तोच असतो. पण चॅनल मधूनच खोल बुडी मारतो आणि त्या क्षणी तुमचा अख्खा फ्रेम पाण्यात जातो. दोन स्वतंत्र वाटांनी तोच बिट आला आणि दोन्ही नीट जोडले, तर प्रत्येक वाटेला ११ डेसिबलच्या आसपास पुरतात, कारण दोघी एकदम बुडण्याची शक्यता फार कमी.

यालाच डायव्हर्सिटी म्हणतात आणि आलेखावर ती उतारात दिसते. डायव्हर्सिटी १ असेल तर १० डेसिबल वाढवल्यावर चुका १० पट कमी होतात. डायव्हर्सिटी २ असेल तर १०० पट. कोड वक्राला डावीकडे सरकवतो, रिले त्याचा उतार बदलतो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा, शेवटच्या पायरीत लागेल.

सापळा: फेडिंगचा गुणांक दर बिटाला नवा काढणं. रिलेच्या अभ्यासात चॅनल सहसा एका फ्रेमभर स्थिर मानतात. दर बिटाला बदललात तर कोडला स्वतःच भरपूर डायव्हर्सिटी मिळते आणि रिलेचं योगदान किती ते कळतच नाही.

३. रिले नक्की काय करणार?

रिले चॅनलचं गणिती रूप व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. १९७९ मध्ये कव्हर आणि एल गमाल यांनी ज्या योजना दिल्या त्यांच्यावर आजही सगळं उभं आहे. सर्वसाधारण रिले चॅनलची कपॅसिटी (बिनचूक पाठवता येईल असा कमाल वेग) अजून कुणालाच माहीत नाही. तेव्हा ‘सर्वोत्तम’ पद्धत शोधत बसू नका. पर्याय तीन आहेत.

अ‍ॅम्प्लिफाय-अँड-फॉरवर्ड: ऐकलं ते वाढवून पाठवा. डिकोडर नको, डिकोडिंगचा उशीर नाही, पण नॉइजही वाढतो. कोड फक्त दोन टोकांना.

डिकोड-अँड-फॉरवर्ड: रिले आधी पूर्ण डिकोड करतो, मग नव्याने एन्कोड करून पाठवतो. सोर्स-रिले बाजू भक्कम असेल तेव्हा हाच घ्या.

कॉम्प्रेस-अँड-फॉरवर्ड: रिले डिकोड करत नाही, ऐकलेल्याचं क्वांटायझेशन करून (ठरावीक पातळ्यांत बसवून) पाठवतो. रिले डेस्टिनेशनच्या जवळ असेल तेव्हा उपयोगी. नवख्याने पहिल्या सहा महिन्यांत याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांनी २००४ मध्ये दाखवलेली एक गोष्ट लक्षात असू द्या. डोळे मिटून दर वेळी डिकोड करून पुढे पाठवणाऱ्या रिलेची डायव्हर्सिटी १ च राहते, कारण सोर्स-रिले दुवा बुडाला की सगळंच बुडतं. नीट ऐकू आलं तरच बोलायचं, असा नियम घातला की ती २ होते. पुढच्या पायऱ्या मी याच निवडक डिकोड-अँड-फॉरवर्डसाठी लिहिल्या आहेत.

जाता जाता: मोबाइल मानकांत रिले आहेत, एलटीईच्या रिलीज १० मध्ये आणि फाइव्ह-जीच्या रिलीज १६ मध्ये. पण तिथे प्रत्येक टप्पा आपापला डिकोड होतो, शेवटचं टोक दोन वाटांचे बिट एका कोडमध्ये जोडत नाही. आपण पुढे जे करणार आहोत ते मानकांत सापडलं नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

४. एक कोड, दोघांत वाटून

खरी मजा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

रिलेने सोर्सचेच बिट पुन्हा पाठवले तर डेस्टिनेशनकडे एक रिपीटिशन कोड तयार होतो. डायव्हर्सिटी मिळते, पण रिपीटिशन हा सगळ्यांत आळशी कोड. त्याच बिटांच्या खर्चात रिलेने नवी पॅरिटी (माहितीवरून काढलेले जादा बिट) पाठवली तर डायव्हर्सिटीही मिळते आणि वर कोडिंग गेनही (कोडमुळे वाचलेली ऊर्जा). हंटर आणि नोसरातिनिया यांचं कोडेड कोऑपरेशन आणि झाओ आणि व्हॅलेंटी यांचा २००३ चा डिस्ट्रिब्युटेड टर्बो कोड हे याच कल्पनेचे दोन अवतार. टर्बोने सुरुवात करा, कारण त्यात काम आपसूक दोघांत वाटलं जातं.

टर्बो कोडमध्ये दोन छोटे रिकर्सिव्ह (आतला फीडबॅक वापरणारे) एन्कोडर असतात आणि त्यांच्यामध्ये इंटरलीव्हर. १९९३ मध्ये बेरू आणि सहकाऱ्यांनी तो मांडला तेव्हा दोन्ही एन्कोडर एकाच पेटीत होते. आपण पेटी फोडायची:

सोर्स १००० माहितीचे बिट घेतो, चार अवस्थांच्या रिकर्सिव्ह एन्कोडरमधून काढतो (अष्टमान पद्धतीत फीडबॅक ७, फीडफॉरवर्ड ५) आणि १००० मूळ बिट व १००० पॅरिटी बिट हवेत सोडतो. रेट (माहितीचे बिट भागिले पाठवलेले बिट) अर्धा.

रिले हे २००० ऐकतो आणि डिकोड करतो. बरोबर निघाले तर १००० माहितीचे बिट इंटरलीव्हरने पिसतो, तसल्याच दुसऱ्या एन्कोडरमधून काढतो आणि फक्त नवे १००० पॅरिटी बिट पाठवतो.

डेस्टिनेशनकडे पहिल्या स्लॉटचे २००० आणि दुसऱ्याचे १०००, म्हणजे रेट एक-तृतीयांशचा अख्खा टर्बो कोड जमा होतो. तिथे नेहमीचा पुनरावृत्तीचा डिकोडर चालवा.

सोर्सला यातलं काही माहीत असायची गरज नाही. तो आपला साधा कन्व्होल्युशनल कोड पाठवतोय.

आता कागदावरची एक परीक्षा. कुठलाही वाटलेला कोड घ्या आणि विचारा: पहिला स्लॉट पूर्ण बुडाला तर उरलेल्या बिटांतून माहिती निघते का? दुसरा बुडाला तर? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच डायव्हर्सिटी २ ची आशा धरा. ‘हो’ यायचं तर प्रत्येक भागात किमान माहितीच्या बिटांइतके बिट असायलाच हवेत. साहजिकच एकूण रेट अर्ध्याच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात रिलेचा भाग १००० बिटांचा, अगदी काठावर पास. हेच तुम्ही रिलेला फक्त ५०० पॅरिटी बिट दिलेत, तर गॉसियन चॅनलवर वक्र सुंदर दिसेल आणि फेडिंगमध्ये उतार बसेल. परीक्षा आवश्यक आहे, पुरेशी नाही. पण दहा मिनिटांत होते आणि दहा दिवस वाचवते.

इथले तीन सापळे:

इंटरलीव्हर रिले आणि डेस्टिनेशनकडे एकच हवा. दोघांच्या फाइलमध्ये वेगळा सीड राहिला तर डिकोडर चालतो, बिटही देतो, फक्त सगळे कचरा असतात.

टेल बिट विसरू नका. चार अवस्थांच्या एन्कोडरला शून्यावर आणायला दोन पायऱ्या लागतात, आणि रिकर्सिव्ह एन्कोडरमध्ये ते टेल बिट अवस्थेवर अवलंबून असतात. रिलेचे टेल बिट सोर्सच्या टेल बिटांपेक्षा वेगळे असतात. ते पाठवा, किंवा दुसरी ट्रेलिस (एन्कोडरच्या अवस्थांचा नकाशा) शेवटाला उघडी सोडा आणि डिकोडरलाही तसंच सांगा.

रिलेकडे टर्बो कोड नाही. त्याच्या वाट्याला नुसता चार अवस्थांचा कन्व्होल्युशनल कोड येतो, आणि तो बराच दुबळा. सोर्स-रिले बाजू भक्कम हवी ती म्हणूनच. पहिल्या पायरीतला त्रिकोण पुन्हा बघा.

५. रिले चुकला तर?

माझी दुसरी चूक हीच होती. माझ्या प्रोग्रॅममधला रिले माहितीचे बिट थेट सोर्सच्या व्हेरिएबलमधून उचलत होता. तो कधी चुकतच नव्हता! वक्र देखणा आला, पण तसा रिले जगात नाही.

खरा रिले चुकतो तेव्हा काय होतं ते समजायला एलएलआरकडे (बिट ० असण्याची आणि १ असण्याची शक्यता यांच्या गुणोत्तराचा लॉग) वळू. खऱ्या संख्यांच्या बीपीएसकेसाठी, ० ला अधिक १ आणि १ ला उणे १ पाठवत असाल, तर चॅनलचा एलएलआर म्हणजे २ गुणिले चॅनल गुणांक गुणिले मिळालेला नमुना, भागिले नॉइजचं व्हेरियन्स. दोन्ही स्लॉटचे गुणांक आणि व्हेरियन्स वेगळे असतात, ते आपापले वापरा.

पण रिलेकडून आलेल्या बिटाबद्दल डेस्टिनेशनला दोन शंका असायला हव्यात: हवेत बिघडला का, आणि मुळात चुकीचा पाठवला गेला का. रिलेचा बिट चुकीचा असण्याची शक्यता ‘प’ धरू. चॅनलच्या एलएलआरच्या निम्म्याचा हायपरबोलिक टॅन्जंट घ्या, त्याला १ वजा २प ने गुणा, उलटा हायपरबोलिक टॅन्जंट काढा आणि दुप्पट करा. हा खरा एलएलआर. चॅनल कितीही स्वच्छ असला तरी त्याचं मूल्य एका छपराच्या वर जात नाही. प एक दशांश असेल तर छप्पर सुमारे २.२, शंभरात एक असेल तर ४.६, हजारात एक असेल तर ६.९. हे छप्पर घातलं नाही तर रिले-डेस्टिनेशन दुवा जितका चांगला, तितक्या ठाम आवाजात चुकीचा बिट डिकोडरला सांगितला जातो. सिग्नल वाढवूनही चुका कमी होत नाहीत, वक्र आडवा पडतो. तो आडवा मजला दिसला की आधी इथे या.

मात्र आपल्या टर्बो उदाहरणात हे औषध अपुरं पडतं. रिलेचा एन्कोडर रिकर्सिव्ह आहे. इंटरलीव्हरमधून निघालेल्या माहितीत एक बिट उलटा असेल, तर ७-५ च्या एन्कोडरमध्ये त्याची प्रतिक्रिया थांबतच नाही. तिथून पुढचे दर तीन पॅरिटी बिटांपैकी दोन उलटे होतात, पुढची चूक ते बिघडवेपर्यंत किंवा फ्रेम संपेपर्यंत. हातानेच करून बघा: १ आणि मग शून्यंच शून्यं टाका. पॅरिटी येते १, १, १, ०, १, १, ०, १, १, ० अशी. म्हणजे रिलेकडे हजारात एकच बिट चुकला तरी त्याच्या पॅरिटीतला चुकीचा वाटा अर्ध्याच्या आसपास जाऊ शकतो. माहितीच्या बिटांवरून काढलेला ‘प’ इथे लावणं म्हणजे स्वतःला फसवणं. असा फ्रेम पाठवूच नये, हे उत्तम.

म्हणून सीआरसी, म्हणजे चूक झाली का ते ओळखायचे जादा बिट. सोर्स माहितीच्या शेवटी १६ किंवा २४ बिटांचा सीआरसी जोडतो. रिले डिकोड करून तो तपासतो. जुळला तर पॅरिटी पाठवतो, नाही तर गप्प. १६ बिटांचा सीआरसी निव्वळ कचऱ्यालाही ६५,५३६ वेळांत सरासरी एकदा पास करतो, तेवढी गळती धरून चला. खर्चही धरा. १०० बिटांच्या माहितीवर १६ बिटांचा सीआरसी म्हणजे ०.६४ डेसिबल गेले, १००० बिटांवर ०.०७. छोट्या फ्रेममध्ये हा खर्च लपवणारे आलेख मी बरेच पाहिले आहेत, माझा एक धरून.

६. रिले गप्प राहिला हे डेस्टिनेशनला कसं कळणार?

रिले गप्प असताना डेस्टिनेशनने दुसऱ्या स्लॉटमधला नॉइज पॅरिटी समजून डिकोडरमध्ये ओतला तर चांगला फ्रेमही बिघडतो. तीन उपाय आहेत. एक, रिलेकडून एक बिटाची खूण, भरपूर संरक्षण देऊन. दोन, स्लॉटमधली ऊर्जा मोजून अंदाज. तीन, दोन्ही शक्यता धरून डिकोड करा आणि ज्याचा सीआरसी जुळेल तो घ्या. मी तिसरा वापरते. डिकोडरचं काम फार तर दुप्पट होतं, पण चुकीच्या खुणेची भानगड राहत नाही.

रिकामा स्लॉट वाया घालवायचा नसेल तर रिले गप्प राहिल्यावर सोर्सनेच दुसरी पॅरिटी पाठवावी. त्यासाठी रिलेकडून सोर्सला होकार-नकाराचा एक बिट लागतो. आणि तशा वेळी डायव्हर्सिटी मिळत नाही, कारण वाट तीच. फक्त कोडिंग गेन मिळतो.

७. टर्बो नको असेल तर

एलडीपीसी (विरळ पॅरिटी-चेक मॅट्रिक्सचे कोड): गॅलगर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिले, लोकांनी तीस वर्षं बाजूला ठेवले, आणि आता फाइव्ह-जीच्या डेटा चॅनलवर तेच चालतात. त्या मानकातला कोड रेट बदलता येणारा असल्याने रिलेच्या प्रयोगाला सोयीचा आहे. एकाच लांब कोडमधून चार रिडंडन्सी व्हर्जन (पाठवायच्या बिटांच्या वेगवेगळ्या निवडी) निघतात, ० ते ३. सोर्सने ० पाठवायची, रिलेने वेगळी. सहज सुचतं की रिलेने २ पाठवावी, कारण तिच्यात नवी पॅरिटी जास्त. पण चौथ्या पायरीतली परीक्षा आठवा. एकट्याने डिकोड होण्याच्या दृष्टीने ० आणि ३ सोयीच्या, १ आणि २ नाहीत. थेट दुवा बुडाला आणि हातात एकटी २ राहिली तर अडकाल. थेट दुवा सहसा चांगला असेल तर २, तो बेभरवशाचा असेल तर ३.

साध्या रँडम एलडीपीसीचे बिट कसेही दोन भागांत कापू नका. एक भाग बुडाल्यावर माहितीचा प्रत्येक बिट दुसऱ्या भागातून परत मिळेल अशी रचना मुद्दाम करावी लागते. रूट-एलडीपीसी नावाचे कोड त्यासाठीच आहेत.

पोलर कोड: अरिकान यांनी २००९ मध्ये मांडले, फाइव्ह-जीच्या कंट्रोल चॅनलवर आहेत. डेस्टिनेशनला जे माहितीचे बिट एकट्याने कळत नाहीत तेवढेच रिलेने पाठवायचे, ही मांडणी त्यांच्यात फार सुरेख बसते. कागदावर मोहक, पण फेडिंग बदलला की बिटांची निवडही बदलावी लागते. पहिला प्रकल्प म्हणून नको.

फाउंटन कोड (हवे तितके नवे कोडेड पॅकेट बनवत राहणारे): रिले बरेच असतील, फीडबॅक महाग असेल आणि पॅकेट हरवण्याची समस्या असेल तर लबी यांच्या २००२ च्या एलटी कोडपासून सुरुवात करा.

८. दोन सोर्स, एक रिले

दोघांना मदत करायला रिलेला दोन स्लॉट लागतील असं वाटतं, पण एकात भागतं. रिले दोघांच्या बिटांची मॉड्युलो दोन बेरीज पाठवतो. डेस्टिनेशनकडे पहिल्याचा बिट, दुसऱ्याचा बिट आणि बेरीज, तिन्हींपैकी कोणतेही दोन आले की दोन्ही माहीत. चार स्लॉटचं काम तीनात झालं आणि प्रत्येकाला डायव्हर्सिटी २ मिळाली.

बेरजेचा एलएलआर काढायचं सूत्र पाचव्या पायरीतल्या हायपरबोलिक टॅन्जंटचंच आहे. हे मला फार उशिरा दिसलं. रिलेची चूक म्हणजे तरी काय, खऱ्या बिटात मिसळलेला एक अनोळखी बिट. वेगळं फंक्शन लिहू नका.

सापळा: रिलेने एकाचंच डिकोड केलं असेल तर बेरीज पाठवायची नाही. ज्याचं जमलं त्याचीच पॅरिटी पाठवा, आणि तसं झालंय हे डेस्टिनेशनला कळेल अशी सोय करा.

९. सिम्युलेशन या क्रमाने उभारा

प्रत्येक टप्पा माहीत असलेल्या आकड्याशी जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

(क) कोडशिवाय बीपीएसके, गॉसियन नॉइज. लाखात एक चूक ९.६ डेसिबलला यायला हवी. बरोबर ३ डेसिबलचा फरक दिसला तर नॉइजच्या व्हेरियन्समध्ये दोनाने भागायचं राहिलंय.

(ख) रॅले फेडिंग, एक वाट. उतार १० डेसिबलला १० पट.

(ग) दोन स्वतंत्र वाटा, कोड नाही. १० डेसिबलला १०० पट.

(घ) कोड एकटा, गॉसियन नॉइजवर. इथे ऊर्जेच्या व्याख्येकडे लक्ष द्या. रेट अर्धा असेल तर माहितीच्या बिटामागची ऊर्जा आणि पाठवलेल्या बिटामागची ऊर्जा यांत ३ डेसिबलचं अंतर असतं.

(च) कधीही न चुकणारा रिले. मी केलं तेच, पण इथे जाणूनबुजून. ही तुमची वरची मर्यादा. आलेखावर तिचं नाव ‘आदर्श रिले’ असं ठसठशीत लिहा.

(छ) खरा रिले: सोर्स-रिले बाजूलाही फ्रेमगणिक नवा फेडिंग, सीआरसी आणि गप्प राहण्याचा नियम.

आडव्या अक्षावर नेहमी माहितीच्या एका बिटामागे सोर्स आणि रिले मिळून खर्च झालेली सरासरी ऊर्जा घ्या. रिले गप्प राहिला त्या फ्रेममध्ये त्याची ऊर्जा धरायची नाही. अक्षाखाली ही व्याख्या शब्दांत लिहा.

प्रत्येक बिंदूवर किमान १०० चुकलेले फ्रेम मोजून होईपर्यंत थांबू नका. तेवढ्यांनी अंदाजातली सापेक्ष चूक १० टक्क्यांच्या आसपास येते. दहा हजारात एक फ्रेम चुकतो तिथे याचा अर्थ दहा लाख फ्रेम. फेडिंगमध्ये बिटांच्या चुका मोजून खूश होऊ नका. एका बुडालेल्या फ्रेममधून शेकडो बिट चुका एकदम येतात आणि आकडा भरीव वाटतो, पण घटना एकच घडलेली असते. संगणकाचे अनेक कोअर वापरत असाल तर प्रत्येकाचा सीड वेगळा आहे ना ते बघा, नाहीतर आठ कोअरवर तोच प्रयोग आठ वेळा होतो.

आता (च) आणि (छ) चे वक्र एकाच आलेखावर ठेवा. (छ) उजवीकडे सरकलेला असणार, सोर्स-रिले बाजू जितकी दुबळी तितका जास्त. सरकू द्या. बघायचा तो उतार: वरच्या डेसिबलच्या भागात दोन्ही वक्र समांतर जात असतील तर तुमचा रिले खरंच काम करतोय. (छ) हळूहळू आडवा होत असेल तर सीआरसी आणि एलएलआरचं छप्पर तपासा. आडवा नाही, पण १० डेसिबलला १० पटच उतरत असेल, तर कागदावरच्या परीक्षेकडे परत जा आणि एकेक स्लॉट बुडवून बघा.